मनगटावर काय बांधाल? भटक्यांच्या घड्याळांविषयी प्रश्नोत्तरे

दिवाळीनंतरच्या लांब पल्ल्याच्या वाटांची आखणी सुरू झाली की बूट, सॅक आणि स्लीपिंग बॅगविषयी पत्रे येऊ लागतात. यंदा घड्याळाविषयी इतके प्रश्न आले की हा सगळा विभाग त्यांनाच दिला आहे. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघे सह्याद्रीच्या धारेवरून आठ दिवस सलग चालणार आहोत. मोबाइल जवळ असताना वेगळे घड्याळ लागते का? लागत असेल तर फार पैसे न घालता टिकाऊ घड्याळ कसे निवडावे? (जुन्नर)

लागते. मोबाइल दर वेळी खिशातून काढायचा, घामट बोटांनी उघडायचा, पुन्हा ठेवायचा. कातळटप्प्यावर यात एक हात अडकतो. शिवाय त्याची बॅटरी नकाशासाठी आणि अडचणीतल्या फोनसाठी राखायची असते. वेळ बघण्यापायी ती उतरवू नका.

आता टिकाऊपणाचे. घड्याळ मजबूत आहे हे पटवायला दुकानदार ते काउंटरवर आपटून दाखवतात. वाटेवर मात्र आपटून बंद पडणारी घड्याळे थोडी असतात. बहुतेक वेळा पट्ट्याची पिन निसटते आणि घड्याळ कारवीत हरवते, नाहीतर झाकणाच्या किंवा चावीच्या रबरातून पाणी शिरते, नाहीतर मधेच सेल संपतो. तेव्हा निवड करताना पट्टा, पाणी आणि सेल या तीन गोष्टी आधी तपासा. काच, धातू आणि दिसणे त्यानंतर.

तुमच्या वाटेसाठी आकडे दाखवणारे साधे डिजिटल घड्याळ पुरते. पाण्याची क्षमता १०० मीटर लिहिलेली असावी (या आकड्याचा खरा अर्थ पुढच्या उत्तरात). वजन ५० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असावे; जड घड्याळ काठी टेकवत चालताना मनगटावर सतत हलते आणि घामाने ओल्या झालेल्या कातडीला घासून पुरळ आणते. पडदा फिकट आणि त्यावर काळे आकडे, असाच घ्या. काळ्या पडद्यावरचे पांढरे आकडे दुकानाच्या झगमगाटात उठून दिसतात, पण संध्याकाळी झाडीत वाचता येत नाहीत. मग दर वेळी दिवा दाबावा लागतो आणि सेल लवकर संपतो.

कॅसिओचे डब्ल्यू-८००एच आणि एई-१२०० ही दोन्ही १०० मीटर क्षमतेची, १० वर्षांच्या सेलची घड्याळे या कामाला योग्य आहेत. त्याच कंपनीचे एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून बाजारात आहे, वजन अवघे २१ ग्रॅम, सेल ७ वर्षांचा. कोरड्या दिवसांत ते पुरेसे आहे. मात्र ते फक्त शिंतोड्यांपुरते जलरोधक आहे आणि त्याचा दिवा मिणमिणता आहे, त्यामुळे पावसाळी ट्रेकला ते नेऊ नये. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर कॅसिओच्याच जी-शॉक मालिकेतले चौकोनी डीडब्ल्यू-५६०० घ्या. या मालिकेचे पहिले घड्याळ १९८३ साली आले. १० मीटरवरून पडणे, १० बार (म्हणजे साधारण १०० मीटर खोलीइतका) पाण्याचा दाब आणि १० वर्षांचा सेल ही किकुओ इबे या अभियंत्याने ठेवलेली तीन उद्दिष्टे होती. आजचे डीडब्ल्यू-५६०० पाण्यात २०० मीटर क्षमतेचे आहे. त्याच्या जुन्या आवृत्तीचा सेल मात्र साधारण २ वर्षेच चालतो, नव्या आवृत्तीचा अधिक; यातली कोणती हे खरेदीच्या वेळी पाहून घ्या.

उलटगणती करणारा टायमर असलेले घड्याळ पाहा, आणि तो शून्यावर आला की आपोआप पुन्हा सुरू होतो का तेही विचारा. दर २० मिनिटांनी पाण्याचे दोन घोट ही सवय त्यामुळे लागते. दुसरा उपयोग चालीच्या हिशेबाचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम असा : दर ५ किलोमीटरला १ तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे १२ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढाईला २ तास २४ मिनिटे अधिक दीड तास, मिळून ३ तास ५४ मिनिटे. हा विश्रांतीविना धडधाकट माणसाचा हिशेब आहे. आठ दिवसांची सॅक पाठीवर, घसाऱ्याची वाट आणि विश्रांती धरून त्यात निम्मी भर घाला. पहिल्या दोन दिवसांत प्रत्यक्ष लागलेला वेळ टिपून ठेवला की तुमच्या गटाचा स्वतःचा गुणक हाती येतो, आणि तिसऱ्या दिवसापासून मुक्कामाच्या पाणवठ्यावर उजेडात पोहोचाल की नाही हे दुपारीच कळते. परत फिरण्याची वेळ गजरावर लावून ठेवा.

प्रश्न : माझ्या घड्याळावर '३० मीटर' असे स्पष्ट लिहिले होते. धबधब्याखाली दहा मिनिटे उभा राहिलो आणि काचेखाली बाष्प आले, दुसऱ्या दिवशी ते बंद पडले. कंपनीने फसवले का? (इगतपुरी)

ते ३० मीटर म्हणजे पाण्यात ३० मीटर खोल जाण्याची परवानगी नव्हे. नव्या कोऱ्या घड्याळावर प्रयोगशाळेत स्थिर पाण्याचा ३ बार दाब दिला जातो, त्याचा तो आकडा आहे. व्यवहारात याचा अर्थ हात धुणे आणि हलका पाऊस, एवढाच. ५० मीटरवर पोहता येते, पण नदी ओलांडणे, धबधबा आणि दिवसभराचा पाऊस यांसाठी १०० मीटर हवे.

तुमच्या घड्याळात पाणी नेमके कसे शिरले असेल? एक शक्यता तापमानाची आहे. उन्हात कातळावर घड्याळ सहज ४५ अंशांना तापते. ते एकदम २० अंशांच्या पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि तिचा दाब साधारण ८ टक्के घटतो. हा फरक पाऊण-एक मीटर पाण्याच्या दाबाइतका असतो, आणि तो पाणी आत ओढतो. नवे रबर हे सहज सोसते. पाच वर्षे घामात भिजलेले, कडक झालेले रबर सोसत नाही. तापलेले घड्याळ टाक्यात बुचकळण्याआधी काढून दहा मिनिटे सावलीत ठेवा.

दुसरी शक्यता अधिक नेहमीची : रस्त्यावर सेल बदलताना झाकण उघडले, रबराची रिंग खाचेत नीट न बसवता झाकण दाबले. अशी रिंग एका जागी चिमटली जाते आणि तिथून पाणी झिरपते. तिसरी म्हणजे चावी अर्धवट बाहेर राहणे. काट्यांचे घड्याळ घेत असाल तर पिळून (स्क्रूसारखी आट्यांवर) बसणाऱ्या चावीचे घ्या आणि वाट सुरू करण्याआधी ती पिळली आहे ना, हे बोटाने तपासा. पाण्याखाली बटणे दाबू नका. साबणाचे गरम पाणीही टाळा; साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते बारीक फटीतून सहज जाते.

घरच्या घरी करता येणारी चाचणी : घड्याळ ४० ते ४५ अंश गरम होईल असे ठेवा (कोमट पाण्याच्या पातेल्यावर ताटलीत ठेवले तरी चालते), मग काचेवर गार पाण्याचा थेंब सोडा. मिनिटभराने पुसून बघा. काचेच्या आतल्या बाजूला धुके आले तर आत ओल आहे. घड्याळ ट्रेकला नेण्याआधी घड्याळजीकडे द्या आणि रबर बदलून दाबाची चाचणी करून मागा.

वाटेत पाणी शिरलेच तर चावी बाहेर ओढा, घड्याळ ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा आणि शक्य तितक्या लवकर उघडून घ्या. उन्हात ठेवू नका. वाफ होऊन ओल आत आणखी पसरते. किनाऱ्यावरच्या ट्रेकमध्ये समुद्राच्या पाण्यात भिजलेले घड्याळ त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, कारण वाळलेले मीठ बटणांच्या रबरावर घासते.

प्रश्न : पट्टा कुठला घ्यावा? एका ट्रेकला रेझिनचा पट्टा खाचेजवळ चिरला आणि घड्याळ दरीत गेले. (महाड)

रेझिनचे बहुतेक पट्टे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे असतात. उष्ण, दमट हवेत हे द्रव्य पाण्याशी अभिक्रिया होऊन काही वर्षांत ठिसूळ होते, मग पट्टा कपाटात पडून असला तरीही. कोकणात आणि घाटमाथ्यावर हे लवकर घडते. डासांसाठी लावायच्या काही मलमांतले डीट हे रसायन प्लास्टिक विरघळवते, तेही पट्ट्यावर येऊ देऊ नका. मलम लावून हात पुसा, मग घड्याळ बांधा. ट्रेकआधी पट्टा घड्याळाजवळ आणि नेहमीच्या भोकाजवळ वाकवून बघा. पांढऱ्या रेघा किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर तो बदलायची वेळ झाली आहे.

लांब वाटेला एकसंध नायलॉनचा पट्टा सर्वांत भरवशाचा. तो दोन्ही पिनांखालून आरपार जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहते. ब्रिटिश सैन्याने १९७३ साली अशाच पट्ट्याचे प्रमाण ठरवले होते आणि त्यामागचा विचारही हाच होता. दोष दोन : ओला झाला की वाळायला वेळ लागतो आणि घामाचा वास धरतो. मुक्कामाला पोहोचल्यावर साबणाने धुऊन सॅकवर अडकवा, सकाळपर्यंत वाळतो. चामडे पावसात कुजते. वेल्क्रोमध्ये चिखल आणि गवताचे कुसळ बसले की त्याची पकड जाते. धातूची साखळी केस ओढते आणि थंडीत कातडीला चटका देते.

घेताना घड्याळावर पट्टा बसतो त्या खाचेची रुंदी मोजा : १८, २० किंवा २२ मिलिमीटर. एफ-९१डब्ल्यूला १८ मिलिमीटरचा नायलॉन पट्टा बसतो. डीडब्ल्यू-५६०० ला मात्र आधी अ‍ॅडॅप्टर बसवावा लागतो. पट्टा बदलताना दोन्ही पिना नव्या घाला. जुन्या पिनेच्या आत गंज आणि माती जाऊन स्प्रिंग अडकते. बाहेरून ती ठाकठीक दिसते आणि झटका बसला की निसटते. शक्य असेल तिथे १.५ ऐवजी १.८ मिलिमीटर जाडीची, स्टेनलेस स्टीलची पिन मागा, मात्र ती घड्याळाच्या भोकात बसते का ते तिथेच पाहा. जादा दोन पिना सुईदोऱ्याच्या डबीत ठेवा.

कातळारोहण करताना किंवा दोरावर असताना घड्याळ मनगटावर ठेवूच नये. फटीत हात घातला की ते अडकते. सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला बांधा.

प्रश्न : वडिलांचे एचएमटीचे चावी द्यायचे घड्याळ घालून यंदा आळंदी ते पंढरपूर चालावे अशी इच्छा आहे. चालेल का? (सासवड)

भावना समजते, तरी नेऊ नका. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, तीन आठवडे, आणि तेही ऐन आषाढात. १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीची घड्याळे बनू लागली. 'जनता' या मॉडेलसारखी त्यांची चावीची घड्याळे रोजच्या कोरड्या वापरासाठी होती. त्यांची अ‍ॅक्रिलिकची काच आणि चावीची नळी पावसाचे पाणी अडवत नाहीत. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी बारीक पोलादी भाग गंजतात, आणि कारखाना बंद झाल्याने चांगले सुटे भाग शोधावे लागतात. रोज सकाळी चावी द्यावी लागेल ती वेगळीच, कारण एकदा दिलेली चावी दीड दिवसाच्या आसपास पुरते.

वारीसाठी मोठे आकडे असलेले हलके डिजिटल घड्याळ बांधा. पहाटे चालायला निघताना गजर आणि अंधारात दिवा, दोन्ही लागतात. वडिलांचे घड्याळ परतल्यावर घाला. तोवर ते चावी न देता, कापडात गुंडाळून कोरड्या डबीत राहू द्या.

प्रश्न : मार्चमध्ये कळसूबाईला गेलो होतो. सकाळी बारी गावात उंची नीट जुळवूनही माथ्यावर घड्याळाने १,५९० मीटरच्या आसपास दाखवले. उंची तर १,६४६ आहे. गंमत म्हणजे दुपारी खाली एका जागी बसलो असताना उंची आपोआप वाढत गेली. उंचीमापक बिघडला आहे का? (संगमनेर)

बिघडलेला नाही. दोन्ही गोष्टी अपेक्षितच आहेत, आणि त्या नीट समजल्या तरच उंचीमापकाचे घड्याळ घेण्यात अर्थ आहे.

हे घड्याळ उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजते. समुद्रसपाटीजवळ ८ मीटरच्या जरा वर चढले की दाब १ हेक्टोपास्कलने घटतो. कळसूबाईच्या माथ्यावर त्यासाठी जवळपास १० मीटर लागतात. हे रूपांतर करताना घड्याळ एक प्रमाणित हवा गृहीत धरते : समुद्रसपाटीला १५ अंश, आणि दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी गार होत जाणारी. आपल्या मार्चमधली हवा त्याहून १८-२० अंशांनी गरम असते. गरम हवा विरळ असते, म्हणून तेवढाच दाब घटायला जास्त चढावे लागते. दर १० अंशांच्या फरकाला साधारण साडेतीन टक्के, या हिशेबाने आठ-नऊशे मीटरांच्या चढाईत घड्याळ ५० ते ६० मीटर कमी दाखवते. तुमची तूट नेमकी तेवढी आहे. हवा त्या प्रमाणित हवेपेक्षा गार असेल तर याच्या उलट होते. तेव्हा घड्याळ खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवते.

एका जागी बसून उंची वाढली, त्याचे कारण वातावरणाची रोजची भरती-ओहोटी. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तो ३ हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. दाब उतरला की घड्याळाला वाटते आपण चढलो. त्यामुळे २५-३० मीटरांची वाढ दिसते.

उपाय एकच. नकाशावर उंची दिलेल्या प्रत्येक ठिकाणी, म्हणजे गाव, खिंड किंवा माथा आला की घड्याळ पुन्हा जुळवा. दिवसातून तीन-चार वेळा जुळवले तर मधल्या टप्प्यात चूक १५-२० मीटरांच्या आत राहते, आणि धुक्यात नाळ (कड्यातली अरुंद घळ) किती उतरलो, खालचा पदर (कड्याखालची सपाटी) किती जवळ आला हे सांगायला तेवढे पुरते. ज्यांना जुळवायचा कंटाळा आहे त्यांनी हे घड्याळ घेऊ नये.

मुक्कामात याच गुणाचा उपयोग करून घ्या. रात्री झोपताना दिसणारी उंची टिपा आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बघा. वेळ तीच असल्याने भरती-ओहोटीचा परिणाम वजा होतो. उंची ४० मीटरांनी वाढलेली दिसली तर दाब सुमारे ४ हेक्टोपास्कलने घसरला आहे. वादळी हवेचा हा इशारा असतो.

कॅसिओची प्रो ट्रेक मालिका, जी-शॉकमधले रेंजमॅन आणि सुंटोचे कोअर ही या वर्गातली ओळखीची नावे. रेंजमॅन २०० मीटर जलरोधक, पण वजन ९३ ग्रॅम. कोअरचा सीआर२०३२ सेल नाण्याने झाकण फिरवून वाटेतच बदलता येतो, ही दूरच्या प्रवासात फार मोठी सोय. त्याची पाण्याची क्षमता मात्र ३० मीटरच आहे. पावसाळी सह्याद्रीला रेंजमॅन, कोरड्या उंच प्रदेशाला कोअर, असा आमचा कौल.

दाबाची जाणीव घेणारे बारीक भोक कडेला असते. त्यात चिखल आणि घामाचे मीठ बसले की उंची एका आकड्यावर अडकते. भोकात टाचणी घालू नका. आतला पडदा फाटतो. कोमट पाण्यात घड्याळ हलवून धुवा. आणि तापमान बघायचे असेल तर घड्याळ मनगटावरून काढून अर्धा तास सावलीत ठेवा, नाहीतर ते तुमच्याच अंगाचे तापमान सांगेल.

घड्याळातले होकायंत्र दिशा पडताळण्यापुरते ठीक आहे. वापरण्याआधी घड्याळ आडवे सपाट धरून सावकाश दोन फेरे फिरवून ते जुळवून घ्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहून कमी, म्हणून दुरुस्ती लागत नाही. आपला बेसॉल्ट मात्र चुंबकीय खनिजे बाळगून असतो, आणि वीज पडलेल्या माथ्यांवर तो सुईला चांगलाच हिसका देतो. कातळाला टेकून दिशा घेऊ नका. चार पावले सरकून पुन्हा बघा. दोन्ही वेळा तेच उत्तर आले तर धरा.

प्रश्न : सौर घड्याळ घ्यावे की सेलचे? 'अणुघड्याळाशी आपोआप जुळणारे' म्हणून दुकानदार जास्त किंमत सांगतो. (सोलापूर)

'अणुघड्याळाशी जुळणारे' म्हणजे रेडिओ संकेतावरून वेळ जुळवणारे. अशा घड्याळांना जपान, चीन, अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या मनोऱ्यांचे संकेत लागतात. महाराष्ट्रात त्यांचा भरवसा नाही. त्या सोयीसाठी आपल्याकडे जादा पैसे देऊ नका. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला १५ ते ३० सेकंद पुढे-मागे होते, आणि ट्रेकला तेवढे चालते.

सौर घड्याळ मात्र चांगले, जर ते उन्हात राहणार असेल. कॅसिओच्या सौर जी-शॉकला एका दिवसाच्या वापराची भरपाई करायला कडक उन्हात ५ मिनिटे, ढगाळ दिवशी खिडकीशी पाऊण तास आणि ट्यूबलाइटखाली ८ तास लागतात. यावरून दिसेल की कपाटात किंवा जाड बाहीखाली ठेवलेले सौर घड्याळ उपाशीच राहते. ट्रेकच्या आठवडाभर आधी ते खिडकीत ठेवा. भर उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवू नका, तिथल्या भट्टीत आतला सेल खराब होतो.

सेलच्या घड्याळाची '१० वर्षे' कारखान्यात सेल बसवल्या दिवसापासून मोजायची असतात, आणि कंपन्या हा हिशेब रोज एखाद-दुसऱ्या वेळा दिवा लावण्यावर मांडतात. तंबूत रात्रीत वीस वेळा दिवा दाबणाऱ्याचा सेल तेवढा टिकणार नाही. दिवा लावताच आकडे फिके होत असतील, किंवा काट्यांच्या घड्याळात सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला असेल, तर सेल संपत आला आहे असे समजा आणि निघण्याआधी बदला.

प्रश्न : अन्नपूर्णा परिक्रमेसाठी जीपीएसचे घड्याळ घेतो आहे. तेवढे एकच पुरेल का? (ठाणे)

हिशेब करून बघा. गार्मिनच्या इन्स्टिंक्ट २ ची बॅटरी साध्या वापरात २८ दिवस, पण सलग जीपीएस चालू ठेवले तर ३० तास पुरते. बारा दिवस रोज ७ तास मार्ग नोंदवला तर ८४ तास होतात, म्हणजे भरून नेलेली बॅटरी वाटेत किमान दोनदा पुन्हा भरावी लागते. पॉवर बँकेला हे जड नाही. अडचण वायरीची असते : या घड्याळांची वायर खास त्यांचीच, ती हरवली तर वाटेवरच्या चहाघरात मिळत नाही. दुसरी वायर सॅकच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि मार्ग सगळा न नोंदवता फक्त खिंडीच्या दिवशी नोंदवा.

या परिक्रमेतली थोराँग ला ही खिंड ५,४१६ मीटरवर आहे आणि बहुतेक जण पहाटे अंधारात निघतात. उणे १० अंशांखाली डिजिटल पडद्यातले द्रव सावकाश हलते आणि आकडे रेंगाळतात. बॅटरीचा विद्युतदाबही घसरतो. घड्याळ बाहीच्या आत, कातडीला लागून घाला. गजर कानटोपीतून ऐकू येत नाही, म्हणून रात्री घड्याळ टोपीच्या घडीत कानाशी ठेवा किंवा थरथरणारा गजर असलेले घ्या.

नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. सीमा ओलांडल्यावर हाताने जुळवा, नाहीतर पहाटेची बस चुकेल. आणि ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस घ्यावा. ती नोंद मुक्कामी दिसणाऱ्या उंचीवरून ठेवा. मनगटावर दिसणाऱ्या ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबून वर चढू नका. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणे ही लक्षणे त्याहून खरी.

सोबत एक साधे, हलके सेलचे घड्याळ ठेवाच.

प्रश्न : काट्यांच्या घड्याळावरून दक्षिण काढता येते म्हणतात. आपल्याकडे ते चालते का? (सातारा)

थंडीत चालते, उन्हाळ्यात नाही. रीत अशी : तासकाटा सूर्याकडे धरायचा, काटा आणि १२ यांच्यामधला कोन दुभागला की ती दक्षिण. पण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि सह्याद्री त्याच्या बराच पश्चिमेला. म्हणून घड्याळ आधी मनात ३५ मिनिटे मागे घ्या. डिसेंबरात ही दुरुस्ती केली तर चूक पाच अंशांच्या आसपास राहते. न केल्यास सकाळी ती १२ अंशांवर जाते. मार्चअखेर दुरुस्ती करूनही चूक ३० अंशांच्या वर जाऊ शकते. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे झुकलेला असतो, तेव्हा ही रीत सरळ उलटी दिशा दाखवू शकते. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच वापरा.

प्रश्न : नीलम काच घ्यावी का? 'लष्करी दर्जा' म्हणजे काय? आणि डीडब्ल्यू-५६०० चा सेल घरी बदलता येतो का? (कोल्हापूर)

साध्या खनिज काचेचा कठीणपणा मोह्सच्या १ ते १० मापावर सहाच्या आत, गारगोटीचा ७, नीलम काचेचा ९. आपल्या कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक भरपूर, म्हणून साध्या काचेवर ओरखडे येणारच. नीलम काचेवर येत नाहीत, पण ती ठिसूळ असते आणि कडेवर नेमका आघात झाला तर फुटते. काचेभोवतीची कड दीड-दोन मिलिमीटर उंच असलेले घड्याळ घ्या. साधी काचही त्यात वर्षानुवर्षे टिकते.

'मिल-एसटीडी-८१०' ही अमेरिकी लष्कराची चाचण्यांची यादी आहे. तिच्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते आणि कोणी बाहेरचे प्रमाणपत्र देत नाही. कोणती चाचणी, किती वेळा, हे छापलेले नसेल तर त्या शब्दासाठी पैसे देऊ नका. आघातरोधक असे नुसते लिहिलेले असेल तर आयएसओ १४१३ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १ मीटरवरून कठीण लाकडावर पडण्याइतका आघात, एवढाच अर्थ घ्या.

सेल घरी बदलता येतो. बारीक चौफुली स्क्रूड्रायव्हर, एक प्लास्टिकचा आणि एक धातूचा चिमटा, सीआर२०१६ सेल आणि सिलिकॉन ग्रीस लागते. झाकणाचे चार स्क्रू काढा आणि ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकाच्या क्रमाने ठेवा. झाकण उचलताना रबराची रिंग आणि आतली मऊ गादी कशी बसली आहे त्याचा फोटो काढा. सेलवरची पट्टी खटक्यातून सोडवा, जुना सेल काढून नवा बसवा. दोन्ही बाजूंना बोट लावू नका. मग 'एसी' लिहिलेला बिंदू आणि सेलची धन बाजू धातूच्या चिमट्याने दोन सेकंद जोडा. हे राहिले तर पडदा कोराच राहतो किंवा भलतेच आकडे दाखवतो, आणि लोकांना वाटते घड्याळ मेले. रिंगेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा, केस किंवा धूळ नाही ना ते बघा आणि ती खाचेत सगळीकडे सपाट बसवा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे करून आवळा. जोर लावू नका, आटे लहान आहेत. दुसऱ्या दिवशी वर सांगितलेली थेंबाची चाचणी करा आणि बदलल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहून ठेवा.